आठ ओळी आणि न ऐकू येणारा झरा : 'औदुंबर'च्या वाचनाचं एक प्रकरण

साहित्यातल्या इंद्रियसंवेदना शिकवायच्या म्हटल्या की बहुतेक वर्गांत फळ्यावर एक तक्ता येतो. दृक्, श्राव्य, स्पर्श, गंध, रस आणि प्रत्येकापुढे एकेक उदाहरण. मुलं तो उतरवून घेतात. मग रसग्रहणाच्या उत्तरात 'कवीने दृक् व श्राव्य प्रतिमांचा सुरेख वापर केला आहे' हे वाक्य कुठल्याही कवितेला जोडलं जातं. या वाक्याने उत्तर भरल्यासारखं वाटतं, पण कवितेबद्दल त्यातून काहीच हाती लागत नाही.

इथे मी एकाच कवितेचं, एकाच वर्गातलं वाचन सविस्तर मांडतो आहे. वर्ग अकरावीचा, कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातला. मुलांपैकी काही नदीकाठच्या बागायती गावांतली, तर काही जत-आटपाडीच्या कोरड्या पट्ट्यातून शिकायला येऊन राहिलेली. पाण्याबद्दल या दोघांच्या आठवणी अगदी वेगळ्या, आणि ते या वाचनात फार उपयोगी पडलं. कविता बालकवींची 'औदुंबर'. पूर्ण कविता एवढीच :

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.

पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे.

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे १८९० साली खानदेशात धरणगावला जन्मले. १९०७ साली जळगावात भरलेल्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी या कोवळ्या मुलाला 'बालकवी' म्हटलं आणि तेच नाव कायमचं झालं. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली इथे रेल्वेखाली सापडून ते गेले. वय सत्तावीस. हा तपशील मी वर्गाला आधी सांगितला नव्हता, मुद्दाम. त्याचं कारण पुढे येईल.

काम काय दिलं

कविता सावकाश, दोनदा मोठ्याने वाचली. कवीचं नाव सांगितलं नाही. छापील प्रतही हाती दिली नाही. सूचना एवढीच : काय दिसलं, काय ऐकू आलं, अंगाला काय जाणवलं, कसला वास आला, कसली चव आली ते वहीत लिहा. अर्थ लिहू नका.

'अर्थ लिहू नका' ही अट मुलांना सगळ्यात अवघड गेली. लहानपणापासून कविता म्हणजे 'कवीला काय म्हणायचं आहे' याचं उत्तर, अशीच सवय. तरीही पानं भरली. पानांवर सापडलं ते असं : जवळजवळ प्रत्येकाला झऱ्याची खळखळ किंवा झुळझुळ ऐकू आली होती. कुणाला पाखरांची किलबिल. कुणाला कुरणातल्या गायींच्या गळ्यातल्या घंटा. एका मुलीने लिहिलं, 'लांबून कुणीतरी हाका मारतंय.' थंडगार झुळूक तर बहुतेकांना लागलीच होती.

मग छापील कविता वाटली आणि सांगितलं, 'ज्या ओळीत आवाज ऐकू आला त्या ओळीखाली रेघ मारा.'

वर्ग बराच वेळ कवितेवरून बोट फिरवत राहिला. रेघ कुठेच मारता येईना. कारण या आठ ओळींत आवाजाचा एकही शब्द नाही. झरा आहे, पण तो फक्त 'वाहतो'. गाव आहे, पण तिथून बोलणं येत नाही. कुरणं आहेत, गुरं नाहीत. वारा नाही, पाखरू नाही. लाटासुद्धा आहेत, त्याही मुक्या.

"सर, पण झरा म्हटल्यावर आवाज असणारच की," एक मुलगी म्हणाली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. वाचणारा माणूस स्वतःच्या आठवणी घेऊनच कवितेत शिरतो आणि मोकळ्या जागा भरत जातो. तसं न करणारा वाचक कुणी नसतो. पण कवितेने दिलेलं काय आणि आपण घातलेलं काय, हे ओळखता आलं पाहिजे. नाहीतर आपल्याच मनातलं निसर्गचित्र आपण प्रत्येक कवितेवर टांगत राहू.

हा आवाज कवीकडून राहून गेला असेल का? याचं उत्तर मी माझ्यापुरतं बालकवींच्याच दुसऱ्या कवितांतून काढलं. श्रावणावरच्या त्यांच्या सर्वपरिचित कवितेत 'क्षणात येते सरसर शिरवे' अशी ओळ आहे. तिथे पावसाचा आवाज शब्दाच्या अंगातच आहे, तो वेगळा कल्पावा लागत नाही. 'फुलराणी'ची सुरुवात 'हिरवे हिरवे गार गालिचे, हरित तृणाच्या मखमालीचे' अशी. तिथे 'गार' म्हटल्या क्षणी तळव्याला गवत लागतं, 'मखमाल' म्हटल्यावर बोटं फिरतात. म्हणजे आवाज आणि स्पर्श कसे द्यायचे हे या कवीला पुरेपूर माहीत होतं. इथे त्याने आवाज दिलेला नाही. ही शांतता कवितेत आहे म्हणूनच ती मोजली पाहिजे. प्रतिमा वाचताना जे इंद्रिय वापरलेलंच नाही तेही नोंदवायचं, ही सवय मला फार मोलाची वाटते. तक्त्यात रिकामी राहिलेली चौकट हीसुद्धा माहिती असते.

डोळा कुठून कुठे जातो

आवाज बाजूला ठेवल्यावर उरतात ते रंग. हिरवाळी, निळासावळा, पुन्हा हिरवी, मग पांढरी, पुन्हा हिरव्या, मग काळ्या आणि शेवटी काळिमा. मुलांनी हे रंग क्रमाने फळ्यावर लिहिले. हिरवा तीनदा येतो. पांढरा एकदाच, अगदी मधोमध. पहिल्या सहा ओळींतल्या प्रत्येक जोडीत हिरवा आहे, शेवटच्या जोडीत मात्र तो गायब होतो. वास्तविक तिथेच झाड आहे, म्हणजे पानांचा हिरवेपणा तिथे हवा. पण औदुंबराचा रंग कवी सांगत नाही, त्याच्या सावलीचा सांगतो.

पुढचा प्रश्न : बघणारा कुठे उभा आहे? कवितेत 'मी' नाही. पण 'ऐल तटावर' म्हटलं की कुणीतरी अलीकडे आहे हे आलंच. ऐल आणि पैल हे शब्द नकाशावरचे नव्हेत. ज्याची जागा ठरलेली आहे त्यालाच अलीकडचं आणि पलीकडचं असतं. म्हणजे माणूस अलीकडच्या काठावर आहे. नजर आधी पाण्याबरोबर जाते, मग पैल टेकडीकडे, तिथल्या चार घरांपर्यंत. हा सगळ्यात लांबचा पल्ला. तिथून 'पुढे' शेतमळे. त्यांतून पायवाट. पायवाट डोहाकडे. डोहावर झाड. लांब गेलेली नजर वाटेला धरून परत जवळ येते.

एका मुलाने यावर फार छान गोष्ट टिपली. गावात घरं चारच आणि गर्दी कुणाची, तर पिकांची. गाव आहे, शेतं आहेत, वाट आहे, म्हणजे माणसांच्या खुणा सगळीकडे आहेत. माणूस मात्र एकही नाही. वर ज्या मुलीला लांबून हाका ऐकू आल्या होत्या तिने तेव्हा मान डोलावली. "म्हणूनच मला कुणीतरी असावंसं वाटलं," ती म्हणाली. तिने घातलेला आवाज कवितेत नव्हता. पण तो घालावासा वाटला याचं कारण कवितेत होतं. वाचकाने केलेली भर अशी उलटी तपासता येते.

वाट पायाने वाचली

डोळ्यांव्यतिरिक्त आणखी एक संवेदना असते, जी तक्त्यात सहसा नसते : शरीराच्या हालचालीची. 'पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे' ही ओळ मुलांना चालून दाखवायला सांगितली असती तर नुसता गोंधळ झाला असता. म्हणून आम्ही ती बाकावर वाजवली. ऱ्हस्वाला एक मात्रा, दीर्घाला दोन, आणि दर आठ मात्रांनी एक थाप.

पहिली ओळ : ऐल तटावर, थाप. पैल तटावर, थाप. दुसरी : निळासावळा, थाप. झरा वाहतो, थाप. तिसरी : चार घरांचे, थाप. गाव चिमुकले, थाप. चौथी : शेतमळ्यांची, दाट लागली, हिरवी गर्दी. प्रत्येक ओळीतल्या पहिल्या दोन थापा शब्द पुरा झाल्यावरच पडतात. पाण्याचं आणि शेताचं सगळं जागच्या जागी.

पाचव्या ओळीत थाप चुकली. निदान तसं वाटलं. 'पायवाट पां' इथेच आठ मात्रा भरतात आणि थाप 'पांढरी' या शब्दाच्या पोटात पडते. मुलांनी पुन्हा वाजवून बघितलं, पुन्हा तेच. सहाव्या ओळीत 'हिरव्या कुरणां' इथे थाप आणि 'मधुन चालली' पुढच्या खंडात. शब्द पुन्हा तुटला. सातव्या ओळीत वाट डोहाशी पोचली आणि 'झाकळुनी जळ', 'गोड काळिमा' पुन्हा नीट बसले. आठवीतही : 'पाय टाकुनी', 'जळात बसला'. म्हणजे ज्या दोन ओळींत वाट वाकडीतिकडी जाते, नेमक्या त्याच दोन ओळींत पहिल्याच थापेला शब्द आणि ताल यांची सांधेजोड हलते. 'अडवीतिडवी' हा शब्द कानावर येण्याआधीच कानाला अडवंतिडवं लागलेलं असतं. कवीने हे मोजून केलं का, असं एका मुलाने विचारलं. मोजून केलं असेल किंवा कानाने केलं असेल. वाचणाऱ्याला ते लागतं, आपल्यासाठी एवढं पुरे आहे.

यमकातही असंच काही आहे. मधल्या चार ओळी 'टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे' अशा एकाच यमकात आहेत. ही जमिनीवरची चार पावलं. पहिल्या आणि शेवटच्या जोडीतल्या ओळी 'घेउन, बेटांतुन' आणि 'लाटांवर, औदुंबर' अशा दोन ऱ्हस्वांवर, हलक्या टेकून संपतात. या दोन्ही जोड्या पाण्याच्या आहेत. पाण्याने उघडते, जमिनीवरून जाते, पाण्यापाशी थांबते. क्रियापदं बघा : झरा वाहतो, वाट चालली, औदुंबर बसला. गती उतरत उतरत शेवटी बसते.

डोहाचं पाणी काळं का

'काळ्या डोहाकडे' यावर वर्गात दोन तट पडले. एका बाजूला ज्यांनी आधी कुठेतरी वाचलं होतं की डोह म्हणजे मृत्यू. दुसऱ्या बाजूला नदीकाठची मुलं, ज्यांनी डोहात उड्या मारल्या होत्या. "सर, डोहाचं पाणी काळंच दिसतंय. खोल असतंय म्हणून. त्यात काय मरणाचं?"

हे उत्तर फार कामाचं होतं, कारण ते डोळ्यांनी दिलेलं होतं. उथळ पाण्यात उजेड तळाच्या वाळूवर आपटून परत येतो, म्हणून पाणी स्वच्छ, फिकट दिसतं. खोल पाण्यात तो आत जिरत जातो, तळ दिसत नाही. वर दाट झाडाची सावली असली की आकाशाचं प्रतिबिंबही अडतं. मग उरतो तो काळेपणा. झरा 'निळासावळा' आहे कारण त्याच्यावर उघडं आकाश आहे. तेच पाणी वळणावर साचून खोल झालं आणि त्यावर उंबर आला की काळं झालं. म्हणजे निळासावळा ते काळा हा प्रवास एकाच पाण्याचा आहे. 'सावळा'त ती छटा आधीच होती.

आणि पायवाट डोहाकडे का जाते? गाव तिथे पाणी भरतं, धुणं धुतं, गुरं पाजतं म्हणून. उन्हाळ्यात झरा आटला तरी डोहात पाणी राहतं. पायवाट ही पावलांनी पडते. माती उघडी पडून, वाळून पांढरी होते ती रोजच्या येण्याजाण्यामुळे. हा पांढरा रंग चालून चालून आलेला आहे. मृत्यूकडे नेणारी वाट असं म्हणण्याआधी ही वाट रोज घागर घेऊन जाणाऱ्यांची आहे, हे ध्यानात घ्यायला हवं.

पण नदीकाठच्याच एका मुलीने या निर्धास्तपणाला हात घातला. तिच्या गावी डोहाच्या काठी, झाडाखाली सात दगड आहेत, शेंदूर लावलेले. साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता. पोरांनी तिन्हीसांजेला तिकडे जायचं नाही. "आजी म्हणती, पाणी ओढून घेतं." उड्या मारणाऱ्या मुलांनीही हे नाकारलं नाही. महाराष्ट्रात कित्येक डोहांवर आणि विहिरींवर आसरांची ठाणी आहेत. ज्या पाण्यावर गाव जगतं त्याच पाण्याची भीती गावाला असते. म्हणून 'काळा' या रंगात गारवाही आहे आणि भयही आहे. यातलं एक निवडून दुसरं फेकलं की प्रतिमा अर्धी होते. या मुलीमुळे वाद संपला नाही, पण तो शहाणा झाला.

गोड काळिमा

सर्वांत जास्त वेळ गेला तो या दोन शब्दांवर, आणि तो जायलाच हवा होता.

पहिली अडचण 'काळिमा'ची. मुलांना हा शब्द ठाऊक होता तो 'कुळाला काळिमा फासला' अशा वाक्यांतून. कलंक, बट्टा. त्याला गोड कसं म्हणायचं? दुसरी अडचण : काळेपणा डोळ्यांचा आणि गोडी जिभेची. रंगाला चव कशी?

जतकडच्या एका मुलाने यातून सुटायचा मार्ग काढला. "सर, पाणी गोडं असतंय की. आमच्याकडं बोअर मारली की पहिलं चाखून बघत्यात, गोडं लागलं का सवळ." सवळ म्हणजे मचूळ, खारट. म्हणजे त्याच्या मते शब्द असे जोडायचे : 'जळ गोड' झाकून टाकून काळिमा पसरतो. गोड हे विशेषण पाण्याचं. कवितेत विशेषण नामानंतर येऊ शकतं. वाचन व्याकरणाला धरून होतं आणि त्याच्यामागे पाण्याची वाट बघितलेल्या माणसांचं आयुष्य होतं. वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलांना ते पटलं.

मग पुन्हा थाप वाजवली. 'झाकळुनी जळ' इथे आठ मात्रा, थाप. 'गोड काळिमा' पुढच्या आठ. तालाने विराम 'जळ'नंतर दिला आहे आणि 'गोड'ला 'काळिमा'च्या पदरात टाकलं आहे. मोठ्याने वाचताना दुसरं काही करताच येत नाही. त्या मुलाने स्वतः वाचून बघितलं आणि मान्य केलं. तरी मला वाटतं, त्याचं वाचन पुरतं पुसलं जात नाही. 'जळ' आणि 'गोड' इतके लगत आहेत की गोड्या पाण्याची आठवण मागे रेंगाळतेच. ताल 'गोड'ला एकीकडे नेतो, शेजार दुसरीकडे ओढतो. मला मुख्य वाचन तालाचं वाटतं. पाण्याच्या चवीची छटा त्याखाली असू द्यावी.

रंगाला चव असते का, या शंकेचं उत्तर मराठीत सातशे वर्षांपूर्वीच दिलेलं आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला ज्ञानदेव आपल्या मराठी बोलाबद्दल म्हणतात : 'ऐका रसाळपणाचिया लोभा । कीं श्रवणींचि होति जिभा । बोलें इंद्रियां लागे कळंभा । एकमेकां ॥' रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांत आपापसांत भांडण लागेल. पुढे ते भांडणच मांडतात. शब्द हा खरं तर कानाचा विषय, पण जीभ म्हणते हा रस माझा, नाकाला वाटतं हा तर सुगंध. एका इंद्रियाचा वाटा दुसऱ्याने मागणं म्हणजे काय, हे समजवायला याहून चांगली ओवी मला माहीत नाही. मुलांना ती वाचून दाखवली तेव्हा 'गोड काळिमा' आपोआप मोकळा झाला. काळेपणा आधी डोळ्यांनी बघितला होता, आता जीभ म्हणते आहे, मला दे.

आणि इथेच या कवितेबद्दल मला जे म्हणायचं आहे ते येतं. पहिल्या सहा ओळी मुलांनी पुन्हा तपासल्या. त्यांत रंगरूपाशिवाय दुसरं काही नाही, सगळं डोळ्यांचं. सातव्या ओळीत पहिल्यांदा चव येते : गोड. आठव्या ओळीत पहिल्यांदा स्पर्श येतो : पाय टाकुनी जळात. डोळा दुरून काम करतो. त्याला वस्तूपाशी जावं लागत नाही. जीभ आणि त्वचा मात्र वस्तूला भिडल्याशिवाय काही सांगू शकत नाहीत. बघणारा पहिल्या सहा ओळींत लांब होता, शेवटच्या दोन ओळींत पाण्याशी येऊन भिडला. कविता हे कुठेही सांगत नाही. ती फक्त इंद्रियं बदलते. तो चालत आला असं वाक्य नाही, चाललेली आहे ती वाट. पण काळेपणाची गोडी कळली म्हणजे अंतर उरलं नाही, आणि पाण्यात पाय झाडाचे असले तरी गार आपल्या पायांना लागतं.

या क्रमाकडे न बघता 'दृक् प्रतिमा : पाच, रस प्रतिमा : एक' असा हिशेब मांडला तर हातात काहीच राहत नाही. कुठली इंद्रियं आली यापेक्षा ती कुठल्या क्रमाने आली आणि कुठे बदलली, हे विचारणं जास्त फळतं.

मोबाइलवरचा शोध

पुढच्या तासाला एक मुलगा कवीचं नाव शोधून आला. त्याबरोबर भादली, रेल्वे, १९१८, सत्तावीस वर्षं हे सगळं. वर्गाचा नूर पालटला. 'काळ्या डोहाकडे' जाणारी वाट आता सगळ्यांना भविष्यवाणी वाटू लागली. आधी उड्या मारणारी मुलंही गप्प झाली.

मी एवढंच विचारलं, "काल तुम्हाला हे माहीत नव्हतं. काल लिहिलेल्यापैकी काय आज खोटं ठरतं?" मुलांनी वह्या उघडल्या. खोटं काहीच ठरत नव्हतं. पाणी अजून खोल म्हणून काळं होतं. काळिमा अजून गोड होता. कवीचा अंत आपल्याला कळतो आणि आपण हळवे होतो, ते योग्यच आहे. पण तो अंत कविता लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हता. या कवितेतली उदासी खरी आहे आणि ती आठ ओळींतूनच सिद्ध होते : आवाज नाही, माणूस नाही, हिरवा रंग शेवटी सरतो, गती थांबते. त्यासाठी रेल्वेची गरज पडत नाही. चरित्र आधी सांगितलं असतं तर हा पुरावा कुणी शोधलाच नसता, म्हणून ते मागे ठेवलं होतं.

'असला' औदुंबर

शेवटच्या ओळीतल्या 'असला'वर कुणाचंच समाधान झालं नाही आणि मला ते आवडलं. एका मुलाने 'बसला असला' हे 'बसला असेल' असं वाचून बघितलं. पण डोळ्यासमोरचं झाड असेल-नसेल कसं होईल, असं इतरांनीच त्याला विचारलं. 'असला' म्हणजे असा, या तऱ्हेचा. कवितेत 'मी' नाही हे वर आलंच. या एका शब्दात मात्र कुणीतरी बोट दाखवतं आहे. ज्याला बघणाऱ्याचा आवाज म्हणता येईल असं काही या कवितेत असेल, तर ते एवढंच.

झाडाविषयी कृष्णाकाठच्या मुलांना समजावून सांगायची वेळ आली नाही. उंबर ओढ्यानाल्यांच्या काठी वाढतो, त्याची मुळं काठ धरून पाण्यात उतरतात. 'पाय टाकुनी' हे त्यांच्यासाठी रोजचं दृश्य होतं. शिवाय औदुंबर, नृसिंहवाडी ही दत्तस्थानं याच नदीवर. औदुंबराखाली दत्तगुरू असतात हे घरातून आलेलं. त्यामुळे बसलेलं झाड बऱ्याच जणांना आसन घातलेल्या योग्यासारखं दिसलं. साती आसरा सांगणाऱ्या मुलीला ते तसं दिसलं नाही. तिच्या मते ते वाट बघत बसलेलं होतं. जतच्या मुलाला ते दमून येऊन पाण्यात पाय सोडून बसलेलं वाटलं. 'बसला' या क्रियापदात तिन्ही बसणी मावतात, आणि 'असला' म्हणून कवी त्यातलं एकही निवडत नाही.

लिहिलेली उत्तरं

शेवटी सर्वांनी रसग्रहण लिहिलं. दोन उत्तरं मुद्दाम सांगण्यासारखी. एकात कविता मृत्यूची मानली होती. आधार : रंगांचा हिरव्याकडून काळ्याकडे प्रवास, वाहणं-चालणं-बसणं असा गतीचा उतार, आणि आवाजाचा अभाव. दुसऱ्यात कविता विसाव्याची मानली होती. आधार : 'गोड'चं स्थान, पाण्यातले पाय, तालाचं शेवटी स्थिर होणं. दोन्हींना मी पूर्ण गुण दिले. मला स्वतःला दुसरं वाचन थोडं जास्त जवळचं वाटतं, कारण 'गोड' शब्दाला पहिल्या वाचनात नीट जागा मिळत नाही. तसं मी पहिल्या उत्तराच्या समासात लिहिलंही.

तिसऱ्या एका उत्तरात 'कवीने झऱ्याच्या मंजुळ नादाची श्राव्य प्रतिमा उभी केली आहे' असं होतं. त्याचे गुण कापले. विद्यार्थिनी भांडायला आली. तिच्याकडे गाइड होतं आणि त्यात ते वाक्य होतं. मी तिला कविता पुढे करून पेन्सिल दिली आणि नादाखाली रेघ मारायला सांगितलं. ती बराच वेळ शोधत राहिली. मग म्हणाली, "मग मी असं लिहू का, की झरा आहे तरी नाद नाही?" मी म्हटलं, लिही, आणि त्यामुळे काय होतं तेही लिही. तिने ते उत्तर पुन्हा लिहून आणलं. त्यात तिने एक प्रश्न घातला होता जो वर्गात कुणाला सुचला नव्हता : कवितेत चव आहे, स्पर्श आहे, मग पिकलेल्या उंबरांचा वास का नाही? आम्ही त्यावर पुढचा तास घेतला. उंबराच्या हंगामात झाडाखाली सडा पडतो, आंबूस-गोड वास दरवळतो, माशा-पाखरांचा कल्ला असतो. तो वास आणला असता तर कल्लाही आणावा लागला असता, असं तिचं स्वतःचंच म्हणणं पडलं.